वटवाघळाचे आरोग्य आणि आपले

गेल्या हिवाळ्यात एका शाळेच्या मुलांबरोबर चांदवडच्या डोंगरातील जैन लेणे पाहण्यास जाण्याचा योग आला. लेणे पाहून, खाली उतरून, होळकरांच्या रंगमहालावरून परत फिरेपर्यंत दिवस मावळला होता. तेवढ्यात जवळच्या झाडांतून वटवाघळांचा एक थवा डोक्यावरून निघून गेला. मुले दचकली. एकदोघांनी तोंडावर रुमाल धरले. कोविडच्या काळात शिकलेली सवय अजून मोडलेली नाही. त्यांतल्याच आठवीतल्या एका मुलीने मग प्रश्न केला, “सर, एवढे विषाणू अंगात घेऊन हे वटवाघूळ स्वतः आजारी कसे पडत नाही?”

सोबतच्या शिक्षकांनी माझ्याकडे पाहिले आणि मी त्यांच्याकडे. ‘निसर्गाची किमया आहे’ अशा थाटाचे काहीतरी उत्तर देऊन आम्ही वेळ निभावून नेली. ते उत्तर नव्हते, उत्तर टाळणे होते. वास्तविक त्या मुलीने जे विचारले तेच सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, चीन व अमेरिका येथील शास्त्रज्ञ गेली कित्येक वर्षे विचारीत आहेत, आणि त्यांच्या हाती काही उत्तरे येऊही लागली आहेत. ती नीट समजून घेतली तर वटवाघळांशी वागण्याची आपली रीत बदलावी लागेल. त्यांच्यावर आपल्याकडे होणाऱ्या संशोधनाचा रोखही बदलावा लागेल. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन तेवढेच आहे.

भीती आणि वस्तुस्थिती

वटवाघळाविषयीची जुनी भीती भुताखेतांची होती. नवी भीती विषाणूंची आहे, आणि तिला आधार नाही असे म्हणता येणार नाही. १९९८-९९ मध्ये मलेशियात निपाह विषाणू फलाहारी वटवाघळांपासून डुकरांत व डुकरांपासून माणसांत आला आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. आपल्याकडे २००१ मध्ये सिलिगुडीत आणि २००७ मध्ये नदिया जिल्ह्यात तो दिसला. मे २०१८ मध्ये केरळातील कोझिकोड व मलप्पुरम जिल्ह्यांत त्याने सतरा बळी घेतले. त्यानंतर कोविड आला. त्या विषाणूचे निकटचे नातलग चीन व लाओसमधील नालनाक्या वटवाघळांत सापडले असले तरी तो माणसापर्यंत नेमका कोणत्या वाटेने पोचला हे अद्याप निर्विवाद ठरलेले नाही. लोकांच्या मनात मात्र निकाल केव्हाच लागून गेला.

एप्रिल २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने एक निबंध प्रसिद्ध केला. केरळ, तामिळनाडू, पुदुच्चेरी व हिमाचल प्रदेश येथील पंचवीस फलाहारी वटवाघळांत कोरोना गटातील विषाणू आढळल्याचे त्यात म्हटले होते. हे विषाणू कोविडचे नव्हते. तथापि बातमी वाचणाराला ‘कोरोना’ आणि ‘वटवाघूळ’ हे दोनच शब्द पुरेसे झाले. पुढच्याच वर्षी हे प्रकरण आपल्या राज्यात आले. मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतून घेतलेल्या नमुन्यांचा अभ्यास याच संस्थेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. गुहेत राहणाऱ्या फलाहारी जातीच्या तेहतीस वटवाघळांत आणि एका लहान कीटकभक्षी वटवाघळात निपाहविरोधी प्रतिपिंडे सापडली होती. संशोधकांनी निबंधाच्या शीर्षकातच ‘संभाव्य’ हा शब्द घातला होता. बातम्यांतून नेमका तोच शब्द गळाला, आणि महाराष्ट्रात निपाह आला असा बोभाटा झाला. माणसाला तो रोग झाल्याची एकही नोंद तेव्हा राज्यात नव्हती.

या ठिकाणी एक साधी गोष्ट सांगावयास हवी होती, ती फारशी कोणी सांगितली नाही. प्रतिपिंडे सापडणे म्हणजे प्राणी रोगी असणे नव्हे. त्या प्राण्याची विषाणूशी किंवा त्याच्या एखाद्या भाऊबंदाशी कधीतरी गाठ पडली आणि त्यातून तो तरला, याची ती खूण होय. गोवर होऊन गेलेल्या माणसाच्या रक्तातही अशीच खूण राहते. म्हणजे महाबळेश्वरच्या त्या तेहतीस वटवाघळांनी आपल्याला रोगाची वार्ता दिली असेल, तशीच आपल्या प्रतिकारशक्तीचीही दिली होती. पहिली वार्ता आपण ऐकली, दुसरी कानांआड केली.

संयमाचे शास्त्र

वटवाघूळ हा खऱ्या अर्थाने उडणारा एकमेव सस्तन प्राणी आहे. त्याच्या चौदाशेंहून अधिक जाती जगात आहेत, म्हणजे सस्तन प्राण्यांच्या दर पाच जातींमागे साधारणपणे एक जात वटवाघळाची. उड्डाण हे सस्तन प्राण्याच्या शरीराला न परवडणारे काम आहे. उडताना त्याचा चयापचय विश्रांतीच्या वेळेच्या पंधरा पटींपर्यंत वाढतो, आणि शरीराचे तापमान चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. रोज रात्री इतका ताप सोसणाऱ्या शरीरात पेशींची मोडतोड होणे अटळ असते. पेशीच्या केंद्रात बंद राहावयाच्या आनुवंशिक द्रव्याचे तुकडे अशा वेळी बाहेर सांडतात. तुमच्याआमच्या शरीराला असे तुकडे दिसले की शत्रू घरात शिरला असे वाटते आणि दाहाचे रणशिंग फुंकले जाते. वटवाघळाच्या शरीराने दर रात्री असा गजर केला असता तर ते कधीच जळून गेले असते. म्हणून उत्क्रांतीच्या ओघात त्याच्या शरीराने हा गजर मंद केला, असे आज अनेक शास्त्रज्ञ मानतात.

हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. दोन जातींच्या वटवाघळांची जनुके २०१३ मध्ये वाचली गेली, तेव्हा सांडलेले आनुवंशिक द्रव्य ओळखून दाह पेटविणाऱ्या जनुकांचे एक संपूर्ण कुटुंबच त्यांच्यात नसल्याचे आढळले. वूहान येथील संशोधकांनी २०१८ मध्ये दाखविले की, अशाच गजराच्या साखळीतील ‘स्टिंग’ नावाच्या प्रथिनात वटवाघळांच्या ठायी एक लहानसा बदल झालेला आहे आणि त्यामुळे त्या प्रथिनाचा आवाज दबतो. सिंगापूरच्या लिन्फा वांग यांच्या गटाने २०१९ मध्ये दाहाची आणखी एक कळ वटवाघळांत मंदावलेली असल्याचे सिद्ध केले. याच गटाने २०२३ मध्ये दाह आवरून धरणारे वटवाघळाचे एक जनुक उंदरांत घातले. त्या उंदरांत इन्फ्लुएंझाने होणारे मृत्यू कमी झाले.

परंतु नुसता गजर बंद करून भागत नाही. तसे असते तर विषाणूंनी त्या शरीराचा केव्हाच फडशा पाडला असता. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातील काळ्या फलाहारी वटवाघळावर झालेल्या संशोधनात असे दिसले की, विषाणूंना पहिला अडसर घालणारे इंटरफेरॉन हे द्रव्य त्याच्या शरीरात विषाणू नसतानाही थोड्या प्रमाणात सतत तयार होत असते. आपल्या शरीरात शत्रू आल्यावर त्याची निर्मिती सुरू होते. सर्वच जातींत अशी व्यवस्था असते असे नाही. काही जातींची रीत निराळी आहे आणि हा अभ्यास अजून अपुरा आहे. तरीही एकंदर चित्र असे दिसते की पहारा अखंड असावा, पण आरडाओरडा बेताचा असावा. ज्या किल्ल्यावरील शिपाई रात्रभर जागे असतात त्या किल्ल्याला पाचोळा वाजला म्हणून तोफ डागावी लागत नाही.

कोविडमध्ये आपली जी माणसे गेली त्यांपैकी अनेकांना विषाणूपेक्षा स्वतःच्या शरीराच्या अनावर दाहाने नेले, ही आठवण ताजी आहे. दाह आवरणाऱ्या डेक्सामेथासोन या जुन्या व स्वस्त औषधाने प्राणवायूवर असलेल्या रोग्यांचे मृत्यू कमी होतात, हे २०२० मध्ये सिद्ध झाले, त्यामागचे कारण हेच. जे आपण औषधाने साधू पाहतो ते वटवाघळाने जन्मतःच साधले आहे. सायबेरियातील अवघ्या सात ग्रॅम वजनाचे एक वटवाघूळ किमान एकेचाळीस वर्षे जगल्याची नोंद आहे. एवढ्याशा प्राण्याने इतके जगावे यामागेही हाच संयम असावा, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. संधिवात, मधुमेह, वार्धक्य या आपल्या दुखण्यांत दाहाचा मोठा वाटा आहे. ते ध्यानात घेतले तर वटवाघळाच्या शरीराचा अभ्यास म्हणजे प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांची हौस नव्हे, हे पटावे.

पोटाला चिमटा बसतो तेव्हा

त्या मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळते. उरलेले अर्धे अधिक महत्त्वाचे आहे. वटवाघूळ आणि विषाणू यांच्यातील हा तह बिनशर्त नाही. प्राणी धडधाकट असेपर्यंत तो टिकतो. अन्न तुटले, थारा गेला, अंगावर पिलाचा भार असताना उपास घडला, की तह ढिला पडतो आणि एरवी दबून असलेला विषाणू लाळेतून व मूत्रातून अधिक प्रमाणात बाहेर पडू लागतो.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा ऑस्ट्रेलियातून आला. तेथे १९९४ मध्ये ब्रिस्बेनच्या हेन्ड्रा या उपनगरात घोड्यांना आणि त्यांच्यापासून माणसांना एक जीवघेणा रोग झाला. त्याचा विषाणू फलाहारी वटवाघळांत राहतो. रेना प्लोराइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखविले की गाभण व अंगावर पाजणाऱ्या माद्यांत, तसेच अन्नाचा ताण पडलेल्या काळात, या विषाणूच्या संसर्गाचा धोका वाढतो. पेगी एबी, प्लोराइट आदींनी पंचवीस वर्षांच्या नोंदी एकत्र करून २०२३ मध्ये पुढचा दुवा जोडला. हिवाळ्यात फुलणारी रानझाडे तोडली गेल्यामुळे वटवाघळे रानातले दूरचे पल्ले सोडून शेतांजवळ व घोड्यांच्या कुरणांजवळ लहान लहान टोळ्यांनी राहू लागली, आणि दुष्काळी वर्षानंतरच्या हिवाळ्यात घोड्यांना रोग होण्याचे प्रसंग वाढले. ज्या हिवाळ्यात उरल्यासुरल्या रानात झाडे भरभरून फुलली, त्या हिवाळ्यात वटवाघळे तिकडे परतली आणि रोगाचे प्रसंग थांबले. घोडे तेच होते, विषाणूही तोच होता. फरक पडला तो फुलांचा.

बांगलादेशात सहा वर्षे चाललेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानेही असाच धडा दिला. तेथील मोठ्या फलाहारी वटवाघळांच्या वसाहतींत निपाहविरोधी प्रतिकारशक्ती कालांतराने ओसरते. ती पुरेशी ओसरली की विषाणूची नवी लाट येते. ही जात आपल्याकडच्या वडा-पिंपळांवर लटकणारीच आहे. म्हणजे एका प्राण्याची प्रतिकारशक्ती जशी महत्त्वाची, तशी सबंध वसाहतीचीही. आता वसाहत हुसकून लावली, मारून विस्कळित केली तर काय होते याचा विचार करावा. जुनी, विषाणूशी परिचित जनावरे मरतात, उरलेली उपाशी व भेदरलेली जनावरे दुसऱ्या वसाहतींत मिसळतात. ज्या भयापोटी धूर केला आणि फटाके लावले तेच भय आपण आपल्या हाताने पसरवितो. वटवाघळांचा अभ्यास करणाऱ्या दक्षिण आशियातील चौसष्ट तज्ज्ञांनी एप्रिल २०२० मध्ये जाहीर निवेदन काढून नेमके हेच बजावले होते. तरीही त्या वर्षी देशात काही ठिकाणी वटवाघळांची कत्तल झालीच.

नागपूर आणि पुणे

मग आपल्याकडे या विषयाचे काय चालले आहे? महाराष्ट्राला या बाबतीत कमीपणा वाटावा असे काही नाही. उलट दोन मोठ्या परंपरा आपल्या पदरी आहेत. एक पुण्याची. १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेली आजची राष्ट्रीय विषाणू संस्था अत्युच्च सुरक्षेची प्रयोगशाळा बाळगून आहे. पश्चिम भारतातील फलाहारी वटवाघळांपासून २०१० मध्ये वेगळा केलेला ‘मालसूर’ हा नवा विषाणू तिच्याच शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये जगापुढे मांडला. साथ उद्भवलेल्या गावी थेट जाऊन तपासणी करू शकणारी देशातील पहिली फिरती उच्चसुरक्षा प्रयोगशाळाही फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्या नाशिक येथेच कार्यान्वित झाली.

दुसरी परंपरा नागपूरची आहे, आणि ती आज बहुतेकांच्या विस्मरणात गेली आहे. प्रा. मोघे यांनी मोठ्या फलाहारी वटवाघळाच्या गर्भविकासाचा व वारेचा अभ्यास १९५० च्या दशकात केला. नागपूरच्या विज्ञान संस्थेत प्रा. ए. गोपालकृष्ण व त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुढे काही दशके भारतीय वटवाघळांच्या प्रजननाचा इतका बारकाईने अभ्यास केला की या विषयावरील जगातील कोणतेही पुस्तक त्यांच्या निबंधांना वगळून लिहिता येत नाही. कोणती जात केव्हा गाभण राहते, किती पिले देते, केव्हा विते, हे त्यांनी जातवार नोंदविले. त्याच सुमारास, १९६२-६३ मध्ये, आंद्रे ब्रोसे या फ्रेंच अभ्यासकाने वेरूळ-अजिंठ्यापासून पश्चिम भारतातील लेणी धुंडाळून वटवाघळांची पाहणी मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली.

दुःखाची गोष्ट ही की या दोन परंपरांची गाठ पडली नाही. नागपूरने वटवाघळाचे शरीर अभ्यासिले, पुण्याने त्याच्यातील विषाणू. एकाने प्राणी पाहिला, दुसऱ्याने त्याच्या अंगातला पाहुणा. उदाहरणार्थ, महाबळेश्वरच्या गुहेत सापडलेली फलाहारी जात वर्षातून दोनदा विते. गोपालकृष्ण यांच्या नोंदींप्रमाणे विदर्भात तिची पहिली वीण मार्चमध्ये होते आणि लगेच दुसरी गर्भधारणा होते. महाबळेश्वरचे नमुने मार्चमध्येच घेतलेले होते. ऑस्ट्रेलियातील अभ्यास सांगतो की गाभण व पाजणाऱ्या माद्यांना संसर्गाचा धोका अधिक असतो. मग तेहतीस हा आकडा त्या गुहेचा बारमाही आकडा समजावा की विणीच्या हंगामाचा? पावसाळ्यात, फळे मुबलक असताना तो काय निघाला असता? एका महिन्याच्या नमुन्यांवरून हे कळू शकत नाही. त्यासाठी तीच गुहा वर्षानुवर्षे, ऋतूमागून ऋतू पाहावी लागते. जनावरांचे वजन, वीण, खाणे, रक्तातील पेशी यांची नोंद विषाणूंच्या नोंदीशेजारी ठेवावी लागते. विषाणू संस्थेचा यात दोष नाही. साथीचा धोका हुडकणे हे तिचे काम आहे आणि ते ती करते. परंतु धोका कोठे आहे हे कळणे वेगळे, आणि तो केव्हा व का वाढतो हे कळणे वेगळे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वटवाघळाच्या आरोग्यात आहे, आणि त्या आरोग्याचा दीर्घकालीन अभ्यास ही आपल्याकडची मोठी उणीव आहे.

ती भरून काढण्यास सध्याचा काळ अनुकूल आहे. माणूस, जनावर व परिसर यांचे आरोग्य एकत्र पाहावयाचे, या विचाराने नागपुरात एका राष्ट्रीय संस्थेची कोनशिला ११ डिसेंबर २०२२ रोजी बसविण्यात आली. ज्या नगरीने वटवाघळाच्या शरीराचा अभ्यास देशाला शिकविला, तेथेच ही संस्था होत आहे. हा योगायोग वाया जाऊ नये.

शेतकऱ्याचा हिशेब

येथे कोणी विचारील की, चांदवड-निफाडच्या शेतकऱ्याला या शास्त्राशी काय कर्तव्य? त्याच्या द्राक्षबागेत फलाहारी वटवाघळे शिरतात आणि तयार घडांची नासाडी करतात. ही तक्रार खोटी नाही. तिच्यावर बागेला जाळी लावणे हा उपाय आहे, आणि त्यासाठी शेतकऱ्याला साहाय्य मिळाले पाहिजे. पण हिशेब मांडावयाचा तर दोन्ही रकान्यांचा मांडला पाहिजे. देशातील सव्वाशेंहून अधिक जातींपैकी फलाहारी जाती थोड्या आहेत. बाकीच्या कीटकभक्षी आहेत. त्या रात्रभर पतंग, भुंगेरे, डास टिपीत असतात. फलाहारी जातीही वड, पिंपळ, उंबर यांचे बी दूरवर टाकतात, मोहाच्या फुलांचे परागण करतात.

दुसऱ्या रकान्यातील रक्कम किती मोठी असू शकते हे अमेरिकेने अनुभवाने शिकले. वटवाघळाची प्रतिकारशक्ती अजिंक्य नाही. अलर्क त्यालाही होतो, आणि बुरशीपुढे तर त्याने सपशेल हात टेकले. न्यूयॉर्क राज्यातील एका गुहेत २००६ मध्ये प्रथम दिसलेल्या, नाकावर पांढरी बुरशी आणणाऱ्या रोगाने उत्तर अमेरिकेत लक्षावधी कीटकभक्षी वटवाघळे मारली. हिवाळी झोपेत प्रतिकारशक्ती मंदावलेली असताना ही बुरशी त्यांना गाठते. शिकागो विद्यापीठातील इयाल फ्रँक यांनी २०२४ मध्ये या मरतुकीचे परिणाम मोजले. जेथे वटवाघळे गेली तेथे शेतकऱ्यांनी कीटकनाशकांचा वापर सुमारे ३१ टक्क्यांनी वाढविला, आणि त्याच भागांत अर्भकमृत्यूचे प्रमाण सुमारे ८ टक्क्यांनी वाढल्याचे त्यांना आढळले. गुहेतील वटवाघूळ मेले आणि पाळण्यातील मूल धोक्यात आले, असा हा हिशेब आहे. कीटकनाशकांच्या फवाऱ्यांशी रोजचा संबंध असलेल्या नाशिक जिल्ह्याने तो दुरून पाहावा असा नाही.

करावयाचे काय?

वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्याने फलाहारी वटवाघळांना कावळे, उंदीर व घुशी यांच्या पंक्तीस बसवून ‘उपद्रवी’ ठरविले होते. २०२२ च्या दुरुस्तीने, एप्रिल २०२३ पासून, ती उपद्रवी प्राण्यांची अनुसूचीच रद्द झाली. कायदा बदलला, मनातली अनुसूची मात्र कायम आहे. ती पुसण्याचे काम सरकारचे नसून शिक्षकांचे, वृत्तपत्रांचे आणि सुशिक्षितांचे आहे.

पहिली गोष्ट सावधगिरीची. वटवाघळांवर माया करा म्हणजे त्यांना हात लावा, असा अर्थ कोणी काढू नये. उष्टावलेली फळे खाऊ नयेत, झाडाखाली पडलेली फळे टाकून द्यावीत, चांगली फळे धुऊनच खावीत. नीरा किंवा ताडीची मडकी झाकलेली असावीत, कारण बांगलादेशात खजुरीच्या उघड्या रसातूनच निपाह माणसाकडे आला. वटवाघळांच्या गुहेत विनाकारण शिरू नये. जखमी वा मेलेले वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नये आणि चावा बसल्यास ताबडतोब डॉक्टर गाठावा. एवढी काळजी घेतली तर भीतीला फारसे काम उरत नाही.

दुसरी गोष्ट झाडांची. रस्ते रुंद करताना काठचे वड व पिंपळ सहज आडवे केले जातात, आणि बदल्यात लावलेली शोभेची झाडे वटवाघळाला ना फळ देतात ना थारा. वसाहत असलेले झाड तोडण्यापूर्वी ती वसाहत कोठे जाईल, हा प्रश्न आरोग्य खात्याने विचारला पाहिजे. तो केवळ वृक्षप्रेमाचा प्रश्न राहिलेला नाही. देवराईतला जुना उंबर उभा असणे हे साथप्रतिबंधाचेच एक साधन आहे, असे ऑस्ट्रेलियाचा अनुभव सांगतो.

तिसरी गोष्ट अभ्यासाची. जिल्ह्याजिल्ह्यांतील महाविद्यालयांत प्राणिशास्त्राचे विभाग आहेत. नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रमासारख्या १९२८ पासूनच्या शिक्षणसंस्थेने चांदवडला विद्येचे गाव केले आहे. अशा ठिकाणच्या विद्यार्थ्यांनी आपल्या परिसरातील एखादी वसाहत दत्तक घ्यावी, आणि लांबूनच, हात न लावता, सायंकाळी बाहेर पडणारी वटवाघळे मोजावीत. आसपासचे वड, उंबर, मोह केव्हा फुलले-फळले याची नोंद ठेवावी. दहा वर्षे अशी वही नियमाने लिहिली गेली तर ती पुणे-नागपूरच्या शास्त्रज्ञांना सोन्याच्या मोलाची ठरेल, कारण ऑस्ट्रेलियातील शोधही अशाच दीर्घ नोंदींवर उभा आहे. जनावरे धरणे, रक्त घेणे ही कामे वन खात्याच्या परवानगीने प्रशिक्षित माणसांनीच करावीत. पण मोजणे आणि लिहिणे यांना प्रयोगशाळा लागत नाही, चिकाटी लागते.

त्या आठवीतल्या मुलीला आता उत्तर देता येईल. वटवाघूळ आजारी पडत नाही असे नव्हे. त्याने आपल्या विषाणूंबरोबर नांदण्याची रीत शिकून घेतली आहे. पोटाला अन्न आणि पाठीला थारा असेल तोवर ते ती रीत पाळते. अन्न व थारा आपण काढून घेतले तर ती मोडते, आणि तिचे मोल आपल्याला द्यावे लागते. हे एवढे तिला सांगावे, आणि पुढच्या संध्याकाळी तिच्या हाती एक वही द्यावी. रुमाल तोंडावर धरण्यापेक्षा ती अधिक उपयोगी पडेल.